शेवटी जेवणारीचं ताट

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. त्यातली बहुतेक यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत गेली. वर्गात शिरल्यावर वार कोणता हे मला फळा न बघताही कळायचं. सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच एखादं पोरगं विचारायचं, "गुर्जी, खिचडी कवा शिजते?" मंगळवारी, बुधवारी हा प्रश्न इतक्या सकाळी येत नसे. शनिवारची शाळा सुटली की सोमवारच्या दुपारपर्यंत पुरे दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत घरी काय शिजलं याचं उत्तर त्या प्रश्नातच असायचं.

तिसरीतली एक मुलगी आठवते. खिचडी वाढून झाली की अर्धी खायची आणि अर्धी दप्तरातल्या स्टीलच्या डब्यात भरायची. शाळेतला आहार शाळेतच खायचा असा नियम. मी तिला दोनदा टोकलं. ती म्हणाली, भावासाठी नेते. भाऊ अंगणवाडीत होता, त्याला तिथे मिळत होतं, म्हणून मला ते खोटं वाटलं आणि मी तिसऱ्यांदा जरा मोठ्यानेच बोललो. तो डबा आईसाठी होता हे कळायला दिवाळी यावी लागली. आई निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला जायची, घरात सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि ते लेकरू रोज ते बघत होतं.

विदर्भातल्या खेड्यात आज भूक आहे का, असं कोणी विचारलं की मला तो डबा आठवतो. भूक आहे. पण आपण ती चुकीच्या ठिकाणी शोधतो. आपला सगळा हिशेब घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. कार्ड घराचं, पोतं घराचं, किलो घराचे. उंबरठ्याच्या आत कोणाच्या ताटात किती पडतं हे कोणत्याच रजिस्टरात नसतं. म्हणून घरात धान्य असतं आणि तरी घरातलं कोणीतरी अर्धपोटी असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने आणि आपण गावकऱ्यांनीही भूक मोजायची ती घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या ताटात. ते माणूस बहुतेक घरांत बाई असतं.

आमच्या भागाने भुकेचे उघडे चेहरेही पाहिले आहेत. 1899-1900 च्या, विक्रम संवत 1956 म्हणून छप्पनचा म्हणतात त्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं मेली. अकोला, बडनेरा, नागपूर ही गावं तेव्हा रेल्वेने जोडलेली होती आणि त्या रुळांवरून इथला कापूस मुंबईला जात होता. 1972 ला राज्यभर दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेतून आलेला लाल मिलो (तिकडची ज्वारी) आणि लेकरांना मिळालेली सुकडी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येते. त्याच दुष्काळाच्या पोटातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि हाताला काम मागणं हा हक्क आहे हे या राज्याने देशाच्या आधी मान्य केलं. त्या भुकेला सरकारने उत्तर दिलं, कारण ती रस्त्यावर आली होती, डोळ्यांना दिसत होती. आजची भूक घरातून बाहेर पडत नाही.

ती आत कशी गेली याची गोष्ट ज्वारीपासून सुरू होते. माझ्या लहानपणी आमच्या वावरात कपाशी होतीच, पण तिच्या शेजारी ज्वारीचा तुकडा असायचाच. कपाशीत तूर, कडेला बरबटी, धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी. ज्वारी पेवात किंवा कोठीत जायची, कडबा बैलांना व्हायचा. सोंगणीची मजुरी कणसांत मिळायची. पीक निघालं की मजुरांच्या बाया आणि पोरं सरवा वेचायला यायची, आणि खाली पडलेल्या कणसांतून काही दिवसांची भाकर निघायची. कण्या शिजवायच्या, त्यावर अंबाडीची भाजी. पाऊस लागला की तरोट्याचे कोवळे शेंडे खुडून आणायचे.

ते दिवस चांगले होते असं मला म्हणायचं नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं पोट मालकाच्या मर्जीवर असे, सरवा वेचणाऱ्या बाईला धुऱ्यावरून कोणीही हाकलून देई, आणि कोणाच्या हातचं कोणी खायचं हे जात ठरवत असे. पण कामाची मजुरी खाण्याजोग्या रूपात घरी येत होती, एवढं खरं. मग ज्वारी गेली. भाव मिळेना, पाखरं राखायला माणूस मिळेना, रोही (नीलगायी) आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करू लागली. शेतकऱ्याने सोयाबीन धरलं, त्यात त्याला दोष देता येणार नाही. आता माझ्या गावच्या शिवारात उभं राहून पाहिलं तर नजर पोचते तिथवर पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीन. मध्ये तुरीच्या ओळी आहेत, तेवढंच काय ते खाण्याचं. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे पैसे मिळतात. दिवसभर तिच्या ओटीत जे जमतं त्यातलं काही शिजत नाही.

सोयाबीनचं तर मला फार लागून राहतं. शंभर किलो सोयाबीनमध्ये चाळीस किलोच्या आसपास प्रथिनं असतात. डाळींपेक्षा कितीतरी जास्त. ते ज्या गावात पिकतं त्याच गावात अंगणवाडीच्या वजनकाट्यावर लेकरू कमी भरतं. सोयाबीन घरच्या चुलीवर शिजवायची आपल्याकडे रीत नाही. ते मोंढ्यात जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि तेल काढून उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्याला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि शेतकऱ्याच्या हाती क्विंटलमागे चार हजारांच्या आसपास पडत होते. त्या पैशातून आधी कृषी केंद्राची उधारी, मग बँक, मग दवाखाना. तेल आणि डाळ याच्यानंतर येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत हा बायांचा आकडा 48 होता. मधल्या काळात रेशन होतंच, चुली पेटतच होत्या.

आषाढ-श्रावणात माझ्या म्हणण्याचा पुरावा कोणत्याही गावात मिळेल. घरातला पैसा बी-खताच्या रूपाने मातीत गेलेला असतो. तूर संपलेली, नवं पीक दूर. किराणावाल्याच्या वहीत पान भरत आलेलं. आणि नेमके याच महिन्यांत बायांचे उपास वाढतात. आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. दीड एकर कोरडवाहू, नवरा दम्याने खंगलेला, तीन लेकरं, सासू. श्रावणात त्यांचा सोमवार असायचा, मंगळवार देवीचा, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. आई त्यांच्या भक्तीचं कौतुक करायची. उपासाला भगर नाही, साबुदाणा नाही, भुईमुगाचे दाणे नाहीत. साबुदाणा ज्वारीपेक्षा महाग. कपभर काळा चहा घेऊन त्या निंदणाला जायच्या. संध्याकाळी लेकरांना, सासूला आणि नवऱ्याला वाढून झालं की गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला लागलेली खरवड काढून खायच्या, आणि ती कमी पडेलसं दिसलं की म्हणायच्या, "आज माहा उपास हाय."

दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की त्यांचे उपास दोनावर यायचे. हे मी लहानपणी पाहिलं आणि समजलो नाही. चाळिशी उलटल्यावर एकदा बायकोशी बोलता बोलता ध्यानात आलं आणि दोघंही बराच वेळ गप्प बसलो. देवाच्या नावाने केलेला उपास मान मिळवून देतो. "घरात नाही" असं म्हटलं तर घराची अब्रू जाते. त्या माउलीने घराची अब्रू राखली आणि पोट मारलं. अशा बाईला तुम्ही सर्वेक्षणाचा कागद घेऊन विचाराल, की गेल्या महिन्यात अन्न कमी पडल्यामुळे जेवण टाळलं का, तर ती नाही म्हणेल. तिच्या मनाने ते खोटंही नसतं.

त्याच दिवसांत पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबलेल्या जनावराला हात जोडून जेवायला बोलावण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. ती जपलीच पाहिजे. माझं मन फक्त एवढंच विचारतं की त्याच वावरात कमरेत वाकून राबणाऱ्या बाईला असं आवतन वर्षातून एकदा तरी कोणी देतं का. पुरणपोळी तिनेच लाटायची असते. तव्यावरची शेवटची, फाटलेली, तिच्या वाट्याला.

आता रेशन. गावात पारावर बसलं की मोठ्या शेतकऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: फुकट धान्याने मजूर माजले, कामाला माणूस मिळत नाही. मजूर मिळत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण तिचं खापर रेशनवर फोडण्याआधी हिशेब करावा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही मोफत. दिवसाचे झाले 166 ग्रॅम. मोठ्या दोन भाकरींचं पीठही त्यात धड होत नाही. ना डाळ, ना तेल, ना मीठ-मिरची. एवढ्यावर कोणी घरी बसून राहू शकत नाही. माणूस परगावी जातो तो तिथे मजुरी जास्त मिळते म्हणून. या धान्याने झालं एवढंच की मजुराला उद्याच्या पिठासाठी आज पडेल त्या भावात राबावं लागत नाही. हे ज्यांना खुपतं त्यांनी तसं स्पष्ट म्हणावं.

खुद्द शेतकऱ्याचंही तेच. 2015 साली मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना सवलतीचं धान्य सुरू झालं. गहू दोन रुपये, तांदूळ तीन. अन्न पिकवणाऱ्याला रेशनची रांग, हे ऐकायला वाईट वाटतं, पण कापसाच्या पट्ट्यात शेतकरी अन्न पिकवत नाही, विकत आणतो, हे त्या निर्णयाने मान्य केलं होतं. 2023 मध्ये ते धान्य बंद झालं आणि माणशी महिना 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. पुढे त्याचे 170 झाले. बाजूने बोलणारे सांगतात की गहू-तांदूळ कशाला, पैसे द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. यात तथ्य आहे. दुकानदाराची काटामारी टळते, सडका तांदूळ टळतो. आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशाने काय होतं हे लाडक्या बहिणीच्या दीड हजारांनी 2024 पासून दाखवलंच आहे. माझ्या ओळखीच्या घरांत त्या पैशातून गोडं तेल आलं, सासूचं औषध आलं, आठवड्याच्या बाजारातून अंडी आली. तो पैसा मला मोलाचा वाटतो.

पण धान्याच्या ऐवजी पैसा ही गोष्ट वेगळी आहे. धान्य घरात आलं की ते बाईच्या ताब्यात येतं. कोठीवर तिचा हात असतो. ते पुरुष मोडून खाऊ शकत नाही, किराणावाला वहीत वळवून घेऊ शकत नाही. खात्यात आलेले पाच माणसांचे साडेआठशे रुपये घरी पोचेपर्यंत त्यांना चार वाटा फुटतात. बँक तालुक्याला, जायला-यायला एसटीचे पैसे, एक दिवसाची मजुरी बुडते. किराण्याच्या भावाबरोबर ही रक्कम आपोआप वाढतही नाही. धान्याचा 5 किलो हा आकडा भाव चढले तरी 5 किलोच राहतो. कायदा करणाऱ्यांना हे अर्धंमुर्धं माहीत होतं. म्हणून तर 2013 च्या कायद्यात रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सर्वांत वडील बाई लावायची असं कलम आहे. ज्या धान्यावर तिचं नाव लावलं ते धान्यच काढून घेतलं तर नावाला अर्थ काय राहिला?

त्याच कायद्यात गरोदर बाईला किमान 6,000 रुपयांचा मातृत्व लाभ लिहिलेला आहे. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5,000 मिळतात, तेही हप्त्यांनी. हजार रुपये म्हणजे किती, हे सातव्या महिन्यात कापूस वेचायला गेलेल्या बाईला विचारावं.

तेव्हा मागणी अशी. चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना धान्य परत द्या आणि त्यात ज्वारी द्या. कायद्यात भरड धान्याची सोय आहेच. ही ज्वारी विदर्भातल्याच कोरडवाहू शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतली, तर तिला पुन्हा वावरात जागा मिळेल, बैलाला कडबा मिळेल. रोह्यांचा बंदोबस्त करावा लागेल, त्यावाचून कोणी ज्वारी पेरणार नाही, हेही खरं. सोबत तूरडाळ आणि तेल द्या. तूर इथेच पिकते. नुसत्या गहू-तांदळाने पोट फुगतं, अंगात रक्त येत नाही.

अंड्याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळ. माझ्या शाळेत त्या दिवशी हजेरी वाढायची, आणि अंडं सोलताना पोरांचे चेहरे मी पाहिले आहेत. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं असं सांगितलं. ज्या गावात शाळेच्या गळक्या छपरासाठी वर्गणी जमत नाही, तिथे ही वर्गणी कोण देणार? आठवड्याला एक अंडं एवढ्या मोठ्या राज्याला परवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे राहून आयुष्य घालवलेले डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त जाणतात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतले बालमृत्यू 1993 ला गाजले, तेव्हापासून उच्च न्यायालयात याचिका, समित्या, दौरे चालूच आहेत. मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया लिहितात, हगवण लिहितात, कमी वजन लिहितात. भूक लिहायला तिथे रकाना नाही. दिवाळीनंतर तिथली कोरकू आदिवासी कुटुंबं कामाला खाली उतरतात, होळीला परततात. लेकरू आईच्या पाठीवर जातं आणि अंगणवाडीचा पटावरचा आहार गावातच राहतो. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 पासून आहे. ही योजना मला सगळ्यांत शहाणी वाटते, कारण त्यात बाई अंगणवाडीत बसून स्वतः जेवते. घरी न्यायच्या पाकिटाचे पाच वाटे होतात. समोर वाढलेलं ताट तिचं एकटीचं असतं. ते बिगर-आदिवासी कापूसपट्ट्यातही यावं, निदान आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांत. दहा रुपयांची शिवभोजन थाळी तालुक्याच्या ठिकाणी संपते, निंदण करणाऱ्या बाईपर्यंत ती कधी आली नाही.

या मातीला भुकेचं मोल कोणी शिकवायला नको. 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं आपण दरवर्षी प्रकटदिनाला ऐकतो आणि महाप्रसादाच्या पंगती उठवतो. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीचा आरंभच भुकेलेल्यांना अन्न इथून होतो, देवधर्माचं नाव त्यात आधी येत नाही. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असं ते कीर्तनात सांगत. ताट गेलं तरी चालेल म्हणणाऱ्या बाबांनीही भाकर सोडायला सांगितलं नाही.

आणि 19 मार्च. 1986 च्या त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ 2017 पासून अनेक जण या दिवशी अन्नत्याग करतात. मीही करतो. दुपारी बाराच्या सुमारास पोटात कालवतं, तीनला डोकं दुखतं, पण संध्याकाळ माझ्या हातात असते. आठला भाकर मिळणार हे मला माहीत असतं, म्हणून त्या उपाशीपणाला मी उपवास म्हणू शकतो. शेजारच्या काकूंना संध्याकाळ माहीत नसायची. गेल्या काही वर्षांपासून मी त्या दिवशी सोबतच्या पुरुषांना एक विनंती करतो. आपण एक दिवस उपाशी राहतो ते ठीकच आहे. दुसऱ्या दिवशीपासून घरच्या बाईला आपल्यासोबत ताटावर बसवा, गंज मध्ये ठेवा, आणि जे असेल ते सगळ्यांच्या समोर वाटा. कमी असेल तर कमी आहे हे सगळ्यांना दिसू द्या. काही जण हसतात. काहींनी केलं. एकाने सांगितलं, पहिल्या दिवशी तिला समोर बसून घासच उतरेना.

ती तिसरीतली मुलगी सातवीपर्यंत माझ्याकडे होती. दिवाळीनंतर मी डब्याबद्दल काही बोललो नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मात्र सांगितलं की तिला एक पळी जास्त घाला. मावशी म्हणाल्या, "मी आषाढापासूनच घालतो, गुर्जी. तुमचं ध्यान नोयतं."